मनाचे दहा सेकंद

बाळकुम, ठाणे
३ नोव्हेंबर २०२५

सर,

पत्राच्या माथ्यावर 'तीर्थरूप' लिहायची पद्धत आहे. तीनदा पेन टेकवलं, पण हात वळेना. म्हणून नुसतं 'सर', तेही सवयीने.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर मी तुम्हाला कधीच ब्लॉक केलंय, पण पोस्टमनला तशी सोय नाही. अठरा वर्षांत पहिलं पत्र, आणि तेही काम निघालं म्हणून. अठ्ठावीस डिसेंबरला तुमचा अमृतमहोत्सव आहे, आपलं जलतरण मंडळ गौरव अंक काढतंय आणि त्यात 'मंडळाची पहिली राज्य विजेती' म्हणून माझा लेख हवाय. लेख संपादकांकडे पाठवायचा. संपादकांचा पत्ता बघितला तर तो तुमच्याच डोंबिवलीच्या घराचा. म्हणजे गौरव तुमचा, अंक तुमचा आणि प्रुफंही तुम्हीच तपासणार. आपलीच टिमकी वाजवायची म्हटल्यावर दुसऱ्याच्या हाती काठी कशाला द्या.

मथळाही तुम्हीच दिलाय, 'माझ्या यशाचे शिल्पकार'. शब्दमर्यादा पाचशे. शिस्त, माया आणि राज्य विक्रम, हे तीन मुद्दे यायलाच हवेत. शिवाय खाली बारीक अक्षरात, 'हैदराबादचा उल्लेख शक्यतो टाळावा.' हे वाचून मी कल्याणच्या ऑफिसात एकटीच हसले. समोरच्या बाईंना वाटलं, माझी बदली रद्द झाली.

सर, मी आता सदतीस वर्षांची आहे. खेळाडूंच्या कोट्यातून लागलेली रेल्वेतली नोकरी करते, आणि शनिवार-रविवारी जिल्हा संघटनेची पंच म्हणून पोरांच्या शर्यतींना उभी राहते. तुमच्या मायेवर पाचशे शब्द लिहायचे तर चारशे नव्वद उसने आणावे लागतील.

लेख मी लिहीन, नाही असं नाही. फक्त एक माहिती कमी पडतेय. नौपाड्यातल्या आपल्या मंडळाच्या तलावाची लांबी किती? उत्तर लेखी पाठवा, खाली सहीसकट.

रसिका मढवी


१४ नोव्हेंबर २०२५

सर,

'पंचवीस मीटर. एवढंही विसरलीस?' असं तुम्ही लिहिलंत, वर सहीला दोन रेघा मारल्यात. आभारी आहे. कागद जपून ठेवलाय.

आता मी काय विसरले नाही ते ऐका.

आठशे मीटर म्हणजे आपल्या तलावाच्या बत्तीस फेऱ्या. तुम्ही मला एका फेरीला सोळा हात शिकवलेत. सोळावा हात पडला की मान आत, कोलांटी, पाय भिंतीवर, ढकल. मी डोळे मिटूनसुद्धा वळू शकत असे. कल्याणच्या तलावावर मात्र तीच कोलांटी अलीकडे पडायची. पाय मागे टाकले की भिंतच नसायची, नुसतं पाणी. मी वर येऊन म्हटलं होतं, "सर, इथे भिंत उशिरा येते." आठवतंय? सगळ्या पोरांसमोर तुम्ही म्हणालात, "नाचता येईना, अंगण वाकडं." पोरं खिदळली. मीही हसले, कारण तुमच्या विनोदाला हसलं नाही तर दुसऱ्या दिवशी दोन हजार मीटर जास्त पडायचे.

डिसेंबर २००४. राज्य स्पर्धा आपल्याच तलावात. नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद, सुवर्णपदक आणि राज्य विक्रम. मी सोळा वर्षांची. तुम्ही मला खांद्यावर घेतलंत आणि फोटोग्राफरला दोनदा सांगितलंत, की दोघांचे चेहरे यायला हवेत.

मग २००५, हैदराबाद, राष्ट्रीय स्पर्धा. पन्नास मीटरचा तलाव. नऊ एक्कावन्न, सहावी. तुम्ही गॅलरीतून खाली आलात आणि घड्याळ माझ्या नाकासमोर धरलंत. म्हणालात, "मोठ्या तलावात वळणं कमी, तेव्हा बारा सेकंद जास्त लागणार हे मला मान्य. पण बावीस? हे वरचे दहा सेकंद पाण्याचे नाहीत, मनाचे आहेत. तू कच खाल्लीस." पुढची दोन वर्षं मी ते दहा सेकंद शोधत होते. तुम्ही मला प्राणायामाला पाठवलंत, नौपाड्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंत, गळ्यात एक ताईतही बांधलात. मंडळात माझं नाव पडलं, 'घरची वाघीण'. आणि २००७ साली, परत हैदराबादलाच, मी आठवी आले तेव्हा अख्ख्या संघासमोर तुम्ही म्हणालात, "मिठागरवाल्यांची पोरं. घोटाभर पाण्यातच शूर."

आजोबा मिठागरात राबले म्हणून त्यांच्या नातीची हिंमत घोटाभर. त्या दिवशी मी टोपी काढली ती काढलीच. एकोणिसाव्या वर्षी माझं पोहणं संपलं.

आता या एप्रिलची गोष्ट. कल्याण-डोंबिवलीच्या मुलांची निवड चाचणी आपल्या तलावात घ्यायचं ठरलं होतं. नियम असा, की आधी पंचांनी तलाव मोजायचा. मी आणि सर्वेश नावाचा दुसरा पंच पोलादी टेप घेऊन गेलो. एक टोक त्याने धरलं, एक मी. सर्वेश आकडा वाचून म्हणाला, "मॅडम, टेप ढिली पडलीय वाटतं." ताणली. पुन्हा तोच आकडा. सहाही रांगा मोजल्या. चोवीस मीटर अठ्ठावन्न.

बेचाळीस सेंटिमीटर कमी. एका फेरीला काहीच नाही, बत्तीस फेऱ्यांना साडेतेरा मीटर. माझ्या तेव्हाच्या वेगाने साडेतेरा मीटरला किती वेळ लागतो ते गणित मी तिथेच काठावर बसून केलं. दहा सेकंद, सर. नऊ पूर्णांक सात, पण तुमच्यासाठी दहा धरू.

म्हणजे हैदराबादचे नऊ एक्कावन्न ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली शर्यत होती. त्या दिवशी मी माझी खरी ताकद पुरेपूर लावून पोहले होते. आणि ती संपल्यावर मी बायकांच्या न्हाणीघरात तोंडात टॉवेल कोंबून रडत होते.

मंडळाच्या जुन्या अहवालात आहे, २००३ च्या मे महिन्यात तलाव गळत होता. उथळ बाजूची भिंत फोडायची सोय नव्हती, कारण तिच्या पाठीला पंपघर. म्हणून जुन्या भिंतीच्या आतून नवी चौदा इंची भिंत उभी केली, वर गिलावा, वर टाइल्स. मंडळाचे कार्यवाह तुम्हीच होतात. राज्य स्पर्धेसाठी तलावाच्या मापाचा दाखला तुमच्याच सहीने गेला. संघटनेच्या फायलीत तो अजून आहे, मी पाहिलाय.

मला तुमच्याकडून एकच ओळ हवी आहे, गौरव अंकात, तुमच्या सहीने. 'तलाव आखूड होता, मला माहीत होतं, रसिका मढवी कच खाणारी नव्हती.' बस. शाल, श्रीफळ, मानपत्र, काय घ्यायचं ते खुशाल घ्या.

रसिका


२४ नोव्हेंबर २०२५

सर,

चार पानी उत्तर. पाण्यात हात मारायला शिकवायचात तेव्हा म्हणायचात, फेस कमी, पुढे जास्त. चार पानांत निव्वळ फेस आहे.

पहिल्या पानावर तुम्हाला काही माहीत नव्हतं. दुसऱ्या पानावर माहीत झालं, पण फार उशिरा. तिसऱ्या पानावर पहिल्यापासून माहीत होतं, पण 'सगळ्यांनाच तेवढाच तलाव होता, सुवर्णपदक तर खरं ना?' खरं आहे. पदक खरं, वेळ खोटी. त्या दिवशी माझ्यासोबत पाण्यात उतरलेल्या सगळ्या पोरी तेवढंच अंतर पोहल्या आणि मी पहिली आले. माझी तक्रार पदकाची नाही. त्या खोट्या वेळेची काठी करून तुम्ही मला दोन वर्षं बडवलंत. हातातलं घड्याळ लबाड आहे हे ठाऊक असलेला माणूस पोरीला सांगतो, की तुझं काळीज लबाड आहे. याला कोणती शिस्त म्हणतात आणि यात माया कुठे येते, ते तुमच्या तीन मुद्द्यांत मला बसवता येत नाहीये.

तुम्हाला थांबवत काय होतं तेही कळतं. आपला तलाव 'विक्रमांचा तलाव' झाला. मुलुंडहून, डोंबिवलीहून पोरं यायला लागली, आईबाप सकाळी पाचला रांगा लावू लागले. राज्याचा पुरस्कार मिळाला. एका भिंतीने एवढं दिलं, मग ती पाडायला कोण सांगणार? आणि या सगळ्या पोरांनी बाहेर जाऊन मार खाल्ला, की तुमचं औषध तयारच. मन कमजोर आहे. बावीस वर्षं तुम्ही अख्ख्या ठाण्याला हे एकच चूर्ण विकलंत.

चौथ्या पानावर मात्र तुम्ही नेम धरून मारलंय. 'एप्रिलमध्ये मोजलंस, तर नोव्हेंबरपर्यंत गप्प का होतीस?'

बरोबर आहे. मी गप्प होते. सर्वेशला म्हटलं, कुणाला बोलू नकोस. चाचणी कल्याणच्या तलावावर हलवली आणि कारण लिहिलं, 'पाणी हिरवे झाले आहे.' तो कागद माझ्या सहीचा. माझी नोकरी त्या पदकावर आणि त्या विक्रमावर लागली आहे. मंडळाच्या हॉलमध्ये विक्रमांच्या फळ्यावर माझं नाव एकवीस वर्षं सोनेरी अक्षरात आहे, आणि मी कितीही नाही म्हटलं तरी तिकडे गेले की त्या फळ्याखालून जरा हळूच चालते. सात महिने मला धीर झाला नाही. तुमचं ते 'शिल्पकार' वाचलं तेव्हा झाला. तर होय, आपण दोघं एकाच माळेचे मणी. फरक एवढाच, की मला माझी लाज वाटते.

लेख मी लिहितेय. तुमची ओळ आली तर तुमच्या ओळीसकट, नाही आली तर माझ्या शब्दांत. अंकात छापला नाहीत तर संघटनेला पाठवीन.

रसिका


३ डिसेंबर २०२५

सर,

या वेळी चार पानं नाहीत. एकच ओळ आणि सही. 'भिंत कोणी बांधली ते आधी घरी विचार.'

सरळ नाव लिहायची हिंमत झाली नाही ना? पंचाहत्तराव्या वर्षीही दुसऱ्याच्या पाठीआडून खडा मारायची सवय सुटली नाही.

विचारलं.

माझे बाबा महिपत मढवी, तुम्ही ओळखता. मिठागर बंद झाल्यावर गवंडीकाम शिकले, मग लाद्या-टाइल्सचं. तेव्हा बाळकुम-कोलशेतात ज्याच्या मोरीत बाबांच्या हातची टाइल नाही असं घर सापडलं नसतं. आता आमच्या खारजमिनीवर टॉवर उभे आहेत आणि बाबा त्यातल्याच एकाच्या सहाव्या मजल्यावर गॅलरीत बसून खाडीकडे बघतात. गेल्या वर्षापासून डावा हात नीट चालत नाही.

त्यांना चहा देताना मी विचारलं, "बाबा, मंडळाच्या तलावाची आतली भिंत कोणी बांधली?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी. मना वाटला व्हता, तू कवातरी इचारशील."

मला ठाऊक नव्हतं. त्या मे महिन्यात मी शाळेच्या शिबिराला गेले होते. परत आले तेव्हा तलावात निळ्या टाइल्स होत्या आणि माझी फी माफ झाली होती. माझ्या गुणांमुळे, असं तुम्ही सांगितलंत.

बाबा म्हणाले, "भिंत झाल्याव मी सरांना बोललू, सर, तलाव हातभर आखूड झालाय, कागदाव लिवा. सर बोलले, महिपत, पान्याला कोन मोजतंय? तू गप र्‍हा, पोरीला मी फुकट शिकवतो, नाव काढल ती. मी गप र्‍हायलू. मना काय ठावं, हातभरान येवरा व्हतंय."

मी विचारलं, "आणि मी हरून यायचे तेव्हा?"

"तवा समजला," ते म्हणाले. "सांगाव असा वाटाचा. पन तू रडून झोपलेली असाची, आन सकाली साडेचारला उटून परत पोवाला तयार. तुज्या तोंडाकं बगून माजा धीर व्हईना."

मला काय आठवलं सांगू? त्या मे महिन्यानंतर बाबा कधीच तलावाच्या आत आले नाहीत. रोज पहाटे स्कूटरवरून सोडायचे आणि फाटकाबाहेरच उभे राहायचे. राज्य स्पर्धेच्या दिवशीसुद्धा बाहेरच होते, माझं पदक त्यांनी फाटकाच्या गजांतून पाहिलं. मला वाटायचं, त्यांना त्यांच्या चुन्याच्या कपड्यांची लाज वाटते. इतकी वर्षं मी मैत्रिणींना तेच सांगत आले.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जेवण पुढ्यात ठेवलं आणि आत गेले. राग आला, खूप आला, तुमच्यावर आला त्यापेक्षा जास्त. तुमच्याकडून मला कधी काही नको होतं, त्यांच्याकडून होतं.

तुम्हाला वाटलं असेल, आता ही बसली गप्प. बापाचं नाव पुढे केलं की मिठागरवाल्यांची पोर घोटाभर पाण्यात परत जाईल. लेख आता लिहितेस का, असंच विचारायचंय ना तुम्हाला? मलाही कालपर्यंत उत्तर सुचत नव्हतं. पेन घेऊन बसले, आणि बाबांचं नाव आलं की वाक्य तुटायचं. झाकली मूठ ठेवावी असं मनात आलंच, सर. खोटं का सांगू.

काल रात्री जेवताना बाबांनीच विषय काढला. "लेख लिवतंस ना त्यांचा?" मी म्हटलं, "फाडून टाकला." ते उजव्या हाताने भात कालवत राहिले. मग म्हणाले, "परत लिव. पैला माजा नाव लिव. भिंत मी बांदलीय, ती काय सरांनी नाय बांदली."

रसिका


१० डिसेंबर २०२५

सर,

लेख सोबत जोडलाय. मर्यादा पाचशे शब्दांची होती, मला तेवढे लागले नाहीत. मथळा तुमचाच ठेवलाय, तो आता शोभून दिसतो. प्रुफं तपासताना त्रास नको म्हणून इथेही उतरवून देते.

'माझ्या यशाचे शिल्पकार. नौपाड्यातील मंडळाच्या जलतरण तलावाची लांबी जून २००३ पासून चोवीस मीटर अठ्ठावन्न सेंटिमीटर आहे. या तलावात नोंदवलेली कोणतीही वेळ खरी नाही. जी मुलं इथून बाहेर जाऊन हरली, त्यांच्या मनात काही खोट नव्हती. भिंत मी बांधली आणि गप्प राहिलो, महिपत मढवी. मी एप्रिलमध्ये मोजून सात महिने लपवलं, रसिका मढवी. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,' आणि पुढे रेघ. ती रेघ तुमच्या नावासाठी आहे.

बाबांनी सही उजव्या हाताने केली. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, अक्षर तुमच्यापेक्षा बरं निघालं.

रेघेवर सही झाली तर लेख छापा. झाली नाही तर मी तो संघटनेला देईन, मोकळ्या रेघेसकट. वाचणारे आपापलं समजून घेतील.

विक्रम रद्द करण्याचा अर्ज मी सोमवारी दिला. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. वरच्या साहेबांना सगळं सांगितलंय, ते म्हणाले, पदक खरं असेल तर बघू. फळ्यावरून माझं नाव उतरवायला मंडळाचा माणूस आला की त्याला सांगा, तिथे दुसरी ओळ रंगवायची आहे. हैदराबाद, २००५, नऊ मिनिटं एक्कावन्न सेकंद, सहावी. सोनेरी रंग नको, साध्या पांढऱ्यात चालेल.

संघटनेला तलावाचं माप नव्याने, मंडळाच्या माणसांसमोर हवंय. तारीख एकवीस डिसेंबर, रविवार, सकाळी सात. सर्वेश नेमका त्या दिवशी नाशिकला आहे. टेप मी आणीन आणि आकडा मीच लिहून घेईन. उथळ बाजूला, त्यांच्या भिंतीपाशी, बाबा उभे राहणार आहेत. परवापासून पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलाय आणि तीनदा विचारून झालंय, की चपला फाटकाशी काढायच्या की आत काठाला.

टेपला दोन टोकं असतात, सर. एक बाबा धरतील. दुसरं धरायला तुम्ही या. रिक्षा परवडत नसेल तर मी पाठवते.

रसिका महिपत मढवी